तल्लफ कुठून येते?

(वर्षावासातील रविवारच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)

मागे दाराशी उभे असलेले तरुण मित्र... आत या, जागा भरपूर आहे.

समितीने आम्हाला विषय दिला पाचवे शील. हा विषय आमच्या वाट्याला दरवर्षीच येतो आणि दरवर्षी आम्ही तेच भाषण ठोकतो. दारूने संसार कसे धुळीला मिळाले, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा का घातली, वगैरे. टाळ्या पडतात. पण बंधुभगिनींनो, पिणारा माणूस या सभागृहात कधी नसतो. इथे असते त्याची बायको. तिला दारू वाईट हे आम्ही काय सांगायचे? तेव्हा आज ते भाषण नाही. आज आम्ही एवढेच बघणार आहोत, की तल्लफ माणसाच्या डोक्यात शिरते कुठून आणि कशी. आम्ही काही डॉक्टर नाही. गिरणीत आयुष्य गेले. जे काही कळले ते रात्री डिक्शनरी शेजारी ठेवून, अडखळत वाचून कळले आहे.

हे वाचायची पाळी का आली, ते आधी सांगतो. आपल्या वस्तीतले एक भाऊ. त्यांना विचारूनच बोलत आहोत, नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही आणि तुम्हीही ओळखायच्या भानगडीत पडू नका. अकरा महिने त्यांनी थेंब घेतला नव्हता. याच सभागृहात बुद्धमूर्तीसमोर आम्ही त्यांना शपथ दिली होती. गेल्या वर्षी एका घरच्या हळदीला गेले. मांडवात बँजो वाजत होता, पाठीमागे नेहमीचा कार्यक्रम चालू होता. रात्री अकराला लोकांनी धरून घरी आणले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, खरं सांगतो, मला कळलंच नाही. हातात ग्लास कधी आला ते कळलंच नाही."

आम्ही काय केले? पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर त्यांना सर्वांसमोर उभे केले. "खोटं बोलू नकोस, ग्लास काय उडत आला का?" असे आम्हीच विचारले. लोक हसले. त्यांची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती, दहावीतली. त्या दिवसापासून ते भाऊ विहारात आले नाहीत. आणि आज आम्हाला सांगायचे आहे, की ते खोटे बोलत नव्हते.

आता भोंग्याचे घ्या. गिरणीत राबलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. भोंगा झाला की पोटात भूक उठायची. आधी नाही, भोंग्यालाच. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत आमच्या गिरणीतली यंत्रे थांबली ती कायमची. भोंगा गेला. तरी पुढे कितीतरी महिने कुठे लांब तसा आवाज आला की पोट जागे व्हायचे. भोंग्यात भाकर थोडीच असते! पण शरीराने भोंगा आणि भाकर यांची गाठ मारून ठेवलेली असते.

ही गाठ रशियातल्या इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर दाखवून दिली. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल. लाळेचा अभ्यास करता करता त्यांच्या ध्यानात आले, की अन्न यायच्या आधीच, नुसत्या खुणेवर कुत्र्याला लाळ सुटते. मग त्यांनी मुद्दाम खुणा शिकवल्या. ठोके देणारे यंत्र, गुणगुणणारा बझर, दिवा. ठोके पडले की अन्न, ठोके पडले की अन्न. काही दिवसांनी अन्न नाही, नुसते ठोके. तरी लाळ आलीच. आपल्या माणसाचा देशी दुकानाचा नाका, पगाराची तारीख, ठरावीक मित्राची शिट्टी, हे सगळे ठोकेच आहेत.

पण लाळ सुटणे वेगळे आणि उठून त्या नाक्यावर जाणे वेगळे. पाय का चालू लागतात? याचा पहिला धागा १९५४ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात हाती लागला. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली होती. एका उंदराला एका ठरावीक कोपऱ्यात गेल्यावर विजेचा हलकासा झटका मिळाला, तर तो पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात येऊ लागला! मग त्यांनी पिंजऱ्यात एक दांडी बसवली. उंदराने दांडी दाबली की स्वतःच्याच मेंदूला झटका. पुढच्या प्रयोगांत काही उंदरांनी तासाला हजाराहून अधिक वेळा दांडी दाबली. म्हणजे मेंदूत अशी एक वाट आहे, की जी जागी झाली की प्राणी तेच काम पुन्हा करतो. कोपऱ्यात परत येणाऱ्या त्या उंदराविषयी आम्ही वाचले तेव्हा आपला नाका डोळ्यांसमोर आला, हे कबूल करतो.

या वाटेवर धावणारे मुख्य रसायन म्हणजे डोपामिन. मेंदूच्या तळाकडच्या, मधल्या भागातल्या चेतापेशी ते तयार करतात आणि पुढे न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स नावाच्या गाठीकडे पाठवतात. वर्तमानपत्रांत याला आनंदाचे रसायन म्हणतात. ते बरोबर नाही, आणि ते का बरोबर नाही यातच आजच्या विषयाचे मर्म आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या या पेशींचे बोलणे ऐकले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा घोट दिला की पेशी उसळायच्या. मग घोटाच्या आधी खूण द्यायला सुरुवात केली. माकड शिकले. त्यानंतर पेशी रसाला उसळेनात. त्या खुणेला उसळू लागल्या. आणि खूण देऊन रस दिलाच नाही, तर रसाच्या नेमक्या वेळेला पेशी नेहमीपेक्षाही मंदावल्या. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९९७ साली याचा हिशेब मांडला. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की उसळी, अपेक्षेइतके मिळाले की जैसे थे, कमी मिळाले की खड्डा. आपल्या भाषेत सांगायचे, तर पगाराचा आनंद पाकीट हातात पडल्यावर होत नाही, खिडकीपाशी रांग लागली की होतो. आणि खिडकी उघडलीच नाही तर? गिरणी कामगाराला तो खड्डा काय असतो ते सांगायला नको. तल्लफ आलेला माणूस त्या खड्ड्याच्या काठावर उभा असतो.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ संपवून टाकले. ते उंदीर समोर अन्न असून खाईनात, उपाशी मरायला टेकले. पण जिभेवर साखरेचा थेंब ठेवला तर ओठ चाटत होते, गोडी त्यांना लागत होती! म्हणजे आवडणे निराळे आणि हवेसे वाटणे निराळे. मेंदूत या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत. व्यसनात हवेसे वाटण्याचे खाते फुगत जाते आणि आवडण्याचे आटत जाते. आपल्यातले जुने पिणारे म्हणतात ना, "आता चव पण लागत नाय, पण लागते." आम्ही त्याला बहाणा समजत होतो.

आता भावना यात कुठून आली? दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. ॲमिग्डाला म्हणतात, ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच बदाम. बाहेरची खूण आणि आतली भावना यांची गाठ मारायचे काम मुख्यतः इथे चालते. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लडू यांनी उंदरांना आधी आवाज ऐकवला आणि लगेच पायाला झटका दिला. पुढे नुसता आवाज झाला तरी उंदीर जागच्या जागी थिजायचा. या बदामाला इजा केली तर ही भीती शिकताच येत नाही. हे वाचताना आम्हाला प्रयोगशाळा दिसली नाही. चाळीचा जिना दिसला. रात्री नऊला जिन्यावर वेडीवाकडी पावले वाजली, की मोठ्याने धडा वाचणारी लेकरे एकदम गप्प होतात. बाप अजून दारातही आलेला नसतो. त्या लेकरांचा बदाम शिकलेला असतो.

हाच बदाम सुखाच्या गाठीही मारतो. इंग्लंडात केंब्रिजला बॅरी एव्हरिट, ट्रेव्हर रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली छापलेला प्रयोग आहे. उंदीर दांडी दाबून कोकेन घ्यायला शिकतात. कोकेनबरोबर एक दिवा लागतो. पुढे नुसत्या दिव्यासाठीसुद्धा धडधाकट उंदीर कितीतरी वेळ दांडी दाबत राहतात. ॲमिग्डालाच्या एका भागाला इजा झालेले उंदीर कोकेन घ्यायला शिकले, पण नुसत्या दिव्यासाठी राबायला तयार होईनात. याचा अर्थ, नशा चढणे आणि नशेच्या खुणेमागे धावणे या दोन वाटा आहेत, आणि दुसरी वाट या बदामातून न्यूक्लियस ॲक्युम्बेन्सकडे जाते. भावना, खूण आणि कृती यांची एकच माळ आहे म्हणा ना.

पुढे ती कृती इतकी मुरते, की मनाला विचारावेच लागत नाही. साच्यावर धागा तुटला की तो जोडायला बोटे आपोआप जातात. नवीन पोराला आठ-आठ दिवस शिकवावे लागते, आणि वर्षभराने तेच पोर शेजाऱ्याशी गप्पा मारत जोडते. नंतर सवयीचे हे काम मेंदूतल्या पलीकडच्या, वरच्या भागाकडे सोपवले जाते. ग्लास उचलणेही तसेच सोपवले जाते.

आता त्या भाऊंच्या "कळलंच नाही" कडे येतो. अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठात ॲना रोझ चाइल्ड्रेस यांनी कोकेनच्या व्यसनातल्या बावीस पुरुषांना त्या नशेशी संबंधित चित्रे दाखवली. दाखवली म्हणजे किती वेळ, तर ३३ मिलिसेकंद. सेकंदाचा तिसावा हिस्सा, आणि वर लगेच दुसरे चित्र. त्यामुळे आपण काय पाहिले ते त्यांना कळतही नव्हते. तरी मेंदूचे चित्रण घेतले तेव्हा ॲमिग्डालासारखे भाग जागे झालेले दिसले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. माणसाला कळायच्या आत मेंदूला कळलेले असते. हळदीच्या मांडवात बँजोचा ठेका, तो वास, तेच जुने चेहरे, हे सगळे एकदम आले. आमचे भाऊ विचार करू लागेपर्यंत गाडी स्टेशनातून सुटलेली होती.

आणि आम्ही काय शिकवले त्यांना? विहार, रविवार, वंदना, लोकांचे हसणे, लेकीची मान खाली. एकाच दिवसात गाठ बसली. आता या दारावरून जाताना त्यांच्या पोटात गोळा येतो, असे ते स्वतः म्हणाले. आणि अपमानाची जळजळ विझवायला त्यांच्या मेंदूला एकच वाट पाठ आहे. सुधारणा करायला निघालेल्या आम्ही कार्यकर्त्यांनी त्यांना नाक्याकडे ढकलले. हे आम्हाला या सभागृहातच सांगायचे होते, कारण अपमानही इथेच केला होता.

कुणी म्हणेल, मग काय सगळा दोष मेंदूचा? दारुड्याने बायकोला मारावे आणि आपण बदामाकडे बोट दाखवावे? नाही. मारहाणीला माफी नाही, तिथे भगिनींनी पोलिसांत जावे आणि आम्ही बरोबर येऊ. पण जे शिकलेले आहे त्याच्यावर दुसरे शिकता येते, हेही त्याच संशोधनात आहे. फक्त त्यात एक मेख आहे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना ठोके ऐकवून अन्न दिले नाही, तर लाळ हळूहळू थांबली. पण काही काळ मध्ये जाऊ दिला की पुन्हा आली. जुनी गाठ सुटत नाही. तिच्यावर नवी बसते. आणि अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या मार्क बाउटन यांनी दाखवले, की ही नवी गाठ ज्या जागी शिकली त्या जागेशीच बांधलेली राहते. जागा बदलली की जुनी गाठ वर येते. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर माणूस शांत असतो आणि घरी येताना स्टेशनबाहेरच घसरतो, ते यामुळे. त्यात केंद्राची फसवणूक नसते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते आहे. पण महिनाभरानंतर माणूस परत येतो तो आपल्याच वस्तीत.

व्हिएतनामच्या लढाईतले उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. १९७१ साली परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषींनी केला. जवळजवळ पाचातला एक सैनिक तिथे हेरॉइन-अफूच्या आहारी गेलेला होता. सरकारला धडकी भरली होती. पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी शेकडा ५ जणच पुन्हा आहारी गेले, आणि तीन वर्षांत शेकडा १२. घरी ना ते रान, ना ती छावणी, ना ते साथीदार. सगळे श्रेय जागेला देऊ नये, कारण घरी माल तितका सोपा आणि स्वस्तही नव्हता. तरी आपल्या माणसाला व्हिएतनाममधून परत यायला दुसरा देशच नाही, हे आपण विसरतो. त्याने राहायचे तिथेच.

धम्माविषयी बोलल्याशिवाय खाली बसता येणार नाही. प्रतीत्यसमुत्पादात स्पर्श, त्यातून वेदना म्हणजे सुखाची वा दुःखाची जाणीव, तिच्यातून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान म्हणजे घट्ट पकड अशी साखळी सांगितली आहे. वर सांगितलेल्या माळेशी ती जुळते. पण म्हणून 'हे सगळे बुद्धांनी आधीच सांगून ठेवले होते' असे म्हणून टाळ्या घेणे आम्हाला पसंत नाही. पुराणात विमाने होती म्हणणाऱ्यांना आपण हसतो. मग तोच उद्योग आपण कशाला करायचा? डोपामिन शास्त्रज्ञांनी शोधले. बुद्धांनी वेदना आणि तृष्णा यांच्या मधली फट दाखवली आणि तिथे जागे राहायला शिकवले, हे आपल्याला पुरेसे आहे. सिएटलचे ॲलन मार्लट यांनी तल्लफेशी झुंजू नका, लाटेसारखी चढताना आणि ओसरताना बघा, अशी रीत शिकवली. त्या वाटेने पुढे सेरा बोवेन आणि सहकाऱ्यांनी २८६ रुग्णांवर केलेली तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. वर्षअखेरीस सजगतेचा अभ्यास केलेल्यांचे नशेचे दिवस इतरांपेक्षा कमी भरले. चमत्कार नाही, पण कमी भरले.

एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने बायकोच्या शपथेवर एका रात्रीत दारू बंद करू नये. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना विचारावे. तल्लफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोनसारखी औषधेही आहेत, तीही डॉक्टरांच्याच सांगण्याने.

आणि आता थोडे कडू बोलतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आठ वर्षांचे पोर बापाच्या खांद्यावर बसलेले असते. निळा झेंडा, बाबासाहेबांचा फोटो, वाजप, सगळी वस्ती नाचते आहे आणि टेम्पोच्या मागे दारूचा वास. पोराच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस! या साऱ्याची गाठ एकदम बसते. आपण घरोघर वर्गणी काढून पाव्हलॉव्हचा प्रयोग करतो, तोही आपल्याच लेकरांवर. पुढच्या जयंतीच्या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत, की टेम्पोमागे बाटली दिसली तर वाजप तिथेच थांबेल आणि मिरवणूक पुढे जाणार नाही. तरुण मित्र नाराज होतील, दाराशी कुजबुज सुरू झालेली ऐकू येते आहे. बैठकीला या आणि बोला.

विहार संध्याकाळी सहाला बंद होतो आणि नाका सहालाच उघडतो, हे आजवर आमच्या लक्षात आले नाही. समितीने आता सहा ते नऊ दार उघडे ठेवायचे मान्य केले आहे. भाषण नाही, शपथ नाही. कॅरम आहे, वर्तमानपत्र आहे, चहा आहे.

त्या भाऊंच्या घरी आम्ही दोघेजण मागच्या महिन्यात गेलो आणि चुकलो म्हणून सांगितले. ते काही बोलले नाहीत. वहिनींनी पाणी दिले. परवा संध्याकाळी साडेसहाला ते आले. आत आले नाहीत, चपलाही काढल्या नाहीत. पायरीवर बसून अर्धा कप चहा घेतला आणि गेले. उद्याही साडेसहाला आम्ही पायरीवर आहोत.

जयभीम!